देवमाशांचे दात गेले कधी आणि बॅलीन आले कुठून?

माळरान

निळ्या देवमाशाच्या तोंडात एकही दात नसतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दातांच्या जागी त्याच्या वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना बॅलीनच्या तीनशे-चारशे पट्ट्या खाली लोंबत असतात. तो पाण्याचा प्रचंड घोट घेतो, ते पाणी जिभेच्या आणि गळ्याच्या जोरावर पट्ट्यांमधून बाहेर लोटतो आणि आत अडकलेले क्रिल, म्हणजे झिंग्यासारखे लहान जीव, गिळतो. आमच्या सोलापुरातील अभ्यास मंडळात उत्क्रांतीवर चर्चा चालू असताना एका श्रोत्याने विचारले, की मग दातांचे बॅलीन झाले कसे. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, आणि ते नीट मांडले पाहिजे असे मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढला आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दातांचे रूपांतर होऊन बॅलीन तयार झालेले नाही. दात हा हाडाच्या खोबणीत रुतलेला, एनॅमल आणि दंतिन यांचा बनलेला खनिजयुक्त अवयव आहे. बॅलीन हे केरॅटिनचे, म्हणजे आपली नखे, गाईची शिंगे आणि घोड्याचे खूर ज्या प्रथिनाचे असतात त्याचेच असते. ते टाळूच्या कडेच्या हिरडीसारख्या ऊतींतून उगवते आणि जन्मभर वाढत राहते. पट्टी हातात घेतली तर तिचा बाहेरचा काठ गुळगुळीत आणि ताठ लागतो, तर आतला काठ केसाळ असतो. पट्टीच्या गाभ्यात केरॅटिनच्या असंख्य बारीक नळ्या उभ्या रचलेल्या असतात. जीभ आणि पाणी यांच्या घर्षणाने वरचे आवरण झिजते, तसतशा या नळ्या मोकळ्या होऊन राठ केसांसारख्या बाहेर येतात. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे हे केस एकमेकांत गुंतून जी जाळी तयार होते, तीच खरी गाळणी होय.

त्यामुळे एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. दात कधी गेले, हा पहिला. आणि बॅलीन कधी आले, हा दुसरा. या दोन घटना एकाच वेळी घडल्या असे गृहीत धरण्याचे काहीही कारण नाही. अडचण अशी, की पहिल्या प्रश्नाचा पुरावा दगडात उत्तम टिकतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ टिकतच नाही. केरॅटिन कुजून जाते. पेरू देशातील पिस्को खोऱ्यात मायोसीन काळातल्या (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) काही देवमाशांचे बॅलीन आश्चर्यकारकरीत्या जतन झालेले सापडले आहे, परंतु तोपर्यंत बॅलीन पूर्ण विकसित झालेले होते. सुरुवातीच्या काळाबाबत आपल्याला कवटीच्या हाडांवरूनच तर्क करावा लागतो.

आता क्रम पाहू. दात असलेले आणि बॅलीन असलेले असे देवमाशांचे दोन गट इओसीन काळाच्या (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) उत्तरार्धात वेगळे झाले. बॅलीन गटाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना सदस्य म्हणजे पेरूमध्ये सापडलेला मिस्टाकोडॉन, वय सुमारे ३.६४ कोटी वर्षे, ज्याचे वर्णन २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो जेमतेम पावणेचार-चार मीटर लांबीचा होता, त्याच्या तोंडात दात होते आणि कंबरेच्या हाडात मागच्या पायांसाठी खोबण अजून शिल्लक होती. बॅलीनचा मागमूस नाही. त्यानंतर अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावरचा लानोसेटस, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा. जबड्याच्या तुकड्यावरून १९८९ साली त्याला नाव मिळाले, पण त्याच्या कवटीचा सविस्तर अभ्यास फोर्डाइस आणि मार्क्स यांनी २०१८ साली केला. त्याची लांबी सुमारे आठ मीटर होती, आणि त्याच्या दातांमध्ये मोठमोठ्या फटी होत्या. त्या दातांवरची झीज तपासली असता ते एकमेकांवर घासून चावा घेत होते हे दिसून आले. याचा अर्थ असा, की या गटातला एक प्राणी गाळून खाण्याची सोय होण्याच्या आधीच बराच मोठा झाला होता.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया किनाऱ्यावरचा जांजुसेटस तर आणखी अलीकडचा, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. डोळे मोठे, मुस्कट आखूड, दात तीक्ष्ण. कवटी पाहिली तर हा निळ्या देवमाशाचा नातलग आहे यावर विश्वास बसू नये. हे नाते कवटीच्या आणि कानाच्या हाडांच्या ठेवणीवरून कळते, आहारावरून नव्हे.

माझे मत असे आहे, की मधल्या टप्प्यात हे प्राणी भक्ष्य तोंडात शोषून घेत असावेत, आणि या शोषण्यामुळेच दातांची गरज कमी झाली असावी. सदस्यांनी यावर आपले मत अवश्य मांडावे.

भुईकोट

लेख अत्यंत माहितीपूर्ण आहे. परंतु माझ्या मनात एक मूलभूत शंका आहे आणि ती मी आदरपूर्वक मांडतो. पूर्ण वाढलेली बॅलीनची जाळी उपयोगाची, हे मान्य. पण ज्या प्राण्याच्या टाळूवर बॅलीनची नुसती बोटभर खरखरीत कड उगवली असेल, त्याला तिचा काय फायदा? तिच्यातून क्रिल गाळले जाणार नाही, आणि चावण्यासाठीही ती कामाची नाही. नैसर्गिक निवड प्रत्येक पायरीवर लाभ मागते. मग ही पहिली पायरी चढली कशी गेली?

थापट्या

भुईकोट यांनी विचारलेला प्रश्न नेमका हाच आहे, जो ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ साली डार्विन यांच्या सिद्धांतावर आक्षेप म्हणून घेतला होता, आणि डार्विन यांनी १८७२ साली आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याला सविस्तर उत्तर दिले. ते उत्तर मला विशेष जवळचे वाटते, कारण ते पक्ष्यांवर आधारलेले आहे आणि त्यातील मुख्य पक्षी आपल्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात येतो.

मी ज्या पक्ष्याचे नाव या मंचावर घेतले आहे, ते थापट्या बदक हिप्परगा तलावावर दुर्बिणीतून पाहावे. चमच्यासारखी पसरट चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून ते पुढे सरकत राहते, मान डावी-उजवीकडे हलवते आणि चोचीच्या कडेने पाणी सतत बाहेर पडत असते. चोचीच्या आतल्या कडेला पातळ, लवचिक पापुद्र्यांची दाट रांग असते. डार्विन यांनी तपासलेल्या नमुन्यात वरच्या चोचीच्या एका बाजूला असे १८८ पापुद्रे होते. त्यानंतर त्यांनी इतर बदके आणि हंसजातीचे पक्षी क्रमाने मांडून दाखवले. साध्या बदकाचे पापुद्रे आखूड आणि कमी असतात, तरी त्यांनी चिखल गाळता येतो. पाळीव हंसात तर तेच पापुद्रे जाड, दातेरी होऊन गवत कापण्याच्या कामी येतात. म्हणजे अर्धवट गाळणी असलेले पक्षी आज जिवंत आहेत, सुखाने जगत आहेत, आणि त्यांतले काही त्या अवयवाचा गाळण्याव्यतिरिक्त वापर करतात.

बदकाचे पापुद्रे आणि देवमाशाचे बॅलीन यांचे मूळ एक नाही, याची मला जाणीव आहे. डार्विन यांचाही तसा दावा नव्हता. आखूड कडेचा उपयोग असूच शकत नाही, या आक्षेपाचे मात्र त्यातून निराकरण होते.

माळरान

थापट्या यांचे मनःपूर्वक आभार. भुईकोट यांच्या प्रश्नाला देवमाशांमधलेच एक उत्तर जोडतो. पॅसिफिक महासागरातला राखाडी देवमासा हा बॅलीन गटाचाच आहे, पण त्याच्या पट्ट्या आखूड आणि जाड असतात, आणि संख्याही कमी, एका बाजूला साधारण १३० ते १८०. तुलनेसाठी, आर्क्टिकमधल्या बोहेड देवमाशाच्या पट्ट्या चार मीटरपर्यंत लांब असतात. राखाडी देवमासा समुद्राच्या तळाशी कुशीवर वळतो, जीभ मागे ओढून तोंडाच्या एका कडेने चिखल आत शोषतो आणि त्यातले लहान कवचधारी जीव बॅलीनने अडवून चिखल-पाणी बाहेर सोडतो. म्हणजे शोषण आणि गाळण या दोन क्रिया आजही एकाच तोंडात एकत्र नांदतात. जो प्राणी भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्याला पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून टाळूच्या कडेची लहानशी खरखरीत हिरडीही उपयोगी पडेल. भुईकोट यांनी विचारलेली बोटभर कड इथे कामाला येते.

याला दुजोरा देणारा जीवाश्म अमेरिकेतील ओरेगनचा आहे. माइअबालेना असे त्याचे नाव, वय सुमारे ३.३ कोटी वर्षे, लांबी साधारण साडेचार मीटर. हा नमुना १९७० च्या दशकात मिळाला होता आणि स्मिथसोनियन संग्रहालयात दगडाच्या आवरणात पडून होता. २०१८ साली कार्लोस पेरेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला दात नव्हते. जबड्यात पुरलेले, न उगवलेले दातही नव्हते. आणि टाळूची ठेवण बॅलीनचा भार पेलण्याजोगी नव्हती. जिभेला आधार देणारे घशातले हाड मात्र चांगले मोठे होते, जे जोराने शोषून घेणाऱ्या प्राण्यांत आढळते. दात नाहीत आणि बॅलीनही नाही, असा प्राणी प्रत्यक्ष होऊन गेला, हे या एका कवटीमुळे मान्य करावे लागते, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

होटगी_रोड

मी व्यवसायाने दंतवैद्य आहे आणि हा धागा मी दोनदा वाचला. माळरान सरांची मांडणी मला पटते, परंतु तिच्या विरुद्ध बाजूने जो मोठा पुरावा मांडला जातो त्याचा उल्लेख इथे आलेला नाही, तो यावा असे वाटते.

आजच्या बॅलीन असलेल्या देवमाशांच्या टाळूवर, कडेच्या बाजूला, लहान छिद्रांची आणि त्यांना लागून चरांची ओळ असते. या छिद्रांतून बॅलीन उगवणाऱ्या ऊतींना रक्तवाहिन्या आणि नसा जातात. सतत वाढणाऱ्या अवयवाला रक्तपुरवठा भरपूर लागतो, हे ओघानेच आले. २००८ साली थॉमस डेमेरे आणि सहकाऱ्यांनी ओरेगनच्याच एटिओसेटस वेल्टोनी या सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशाच्या कवटीवर अशीच छिद्रे दाखवली. विशेष म्हणजे या प्राण्याच्या तोंडात पूर्ण वाढलेले दात होते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की काही काळ दात आणि बॅलीन एकाच तोंडात शेजारी शेजारी होते. दात भक्ष्य पकडत असतील आणि बॅलीन ते अडवत असेल. पुढे एकडेल आणि डेमेरे यांनी याच कवटीचे सीटी स्कॅन करून दाखवले, की या छिद्रांकडे जाणाऱ्या वाहिन्या वरच्या दातांना पुरवठा करणाऱ्या मुख्य कालव्यातूनच फुटतात, जशा त्या आजच्या बॅलीन देवमाशांतही फुटतात.

मला यात एक शंका राहते आणि ती माझ्या रोजच्या कामातून आलेली आहे. टाळूतून रक्तवाहिनी बाहेर पडण्यासाठी छिद्र असणे ही सस्तन प्राण्यांत अगदी सामान्य गोष्ट आहे. आपल्या स्वतःच्या टाळूतही, शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूस, असे एक ठळक छिद्र असते. वरच्या दाढेवर उपचार करताना आम्ही त्याच्याजवळ भूल देतो. हिरडीला, टाळूच्या आवरणाला, दातांच्या आजूबाजूच्या ऊतींना रक्त लागतेच. मग छिद्र दिसले म्हणून बॅलीन होते असे म्हणावे का? पेरेडो, पायन्सन आणि उहेन यांनी २०२२ साली हाच मुद्दा मांडला. टाळूच्या कडेची अशी छिद्रे दात असलेल्या देवमाशांत आणि इतर सस्तन प्राण्यांतही आढळतात, त्यामुळे केवळ छिद्रांवरून बॅलीन सिद्ध होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वाहिनी कुठून निघते आणि किती जाड आहे, हे पाहणे छिद्राच्या अस्तित्वापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि त्या दृष्टीने एकडेल-डेमेरे यांचे स्कॅन मला अधिक वजनदार वाटते. बाजू तूर्त कोणतीही घ्यावी, परंतु ‘छिद्र म्हणजे बॅलीन’ हे समीकरण कोणी डोळे झाकून मान्य करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

सीनाकाठ

डॉक्टरांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की दात स्वतःच गाळणी म्हणून वापरले गेले, असेही कुठे वाचल्याचे स्मरते. अंटार्क्टिकातील काही सील असे करतात ना?

होटगी_रोड

होय, खेकडाभक्षी सील नावाचा प्राणी क्रिलवर जगतो आणि त्याच्या दातांना खोल खाचा असतात, ज्यांतून पाणी निघून जाते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनामध्ये सापडलेल्या कोरोनोडॉन या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशाबद्दल २०१७ साली असा प्रस्ताव मांडला गेला, की त्याच्या मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या दाढांमधल्या फटींतून तो पाणी गाळत असावा. त्याच वर्षी डेव्हिड हॉकिंग आणि सहकाऱ्यांनी प्राचीन देवमाशांच्या दातांच्या कडा किती धारदार आहेत हे मोजले आणि त्यांची तुलना आजच्या मांसाहारी प्राण्यांशी व सीलशी केली. गाळून खाणाऱ्या सीलच्या दातांच्या खाचा बोथट असतात. प्राचीन देवमाशांच्या मात्र धारदार, मांस कापणाऱ्या प्राण्यांसारख्या निघाल्या. धार हवी असेल तर चावा घ्यायचा असतो. दातांनी गाळण्याची कल्पना त्यामुळे बरीच मागे पडली आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

जुळे_सोलापूर

नमस्कार माळरान सर, नमस्कार डॉक्टर. मी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. आतापर्यंतची चर्चा जीवाश्मांवर झाली, परंतु या प्रश्नाचा एक भाग जनुकांमध्ये लिहिलेला आहे आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

बॅलीन असलेल्या देवमाशांच्या गर्भात दातांचे अंकुर तयार होतात. एटिएन जोफ्रुआ सेंत-इलेर यांनी १८०७ सालीच ते पाहिले होते. हे अंकुर काही काळ वाढतात, पण हिरडीबाहेर कधीच येत नाहीत. जन्मापूर्वी शरीर ते शोषून घेते आणि मग बॅलीनची वाढ सुरू होते. म्हणजे दात बनवण्याची सूचना अजून पाळली जाते, शेवटपर्यंत मात्र नेली जात नाही. बोहेड देवमाशाच्या गर्भावरील अभ्यासात तर असेही दिसले आहे, की दातांच्या अंकुरांच्या वेळी काम करणारे एफजीएफ४ हे संकेत-प्रथिन पुढे बॅलीनच्या वाढीच्या वेळीही दिसते. दात आणि बॅलीन हे वेगळे अवयव आहेत हे सरांनी सांगितले, ते बरोबरच आहे; परंतु दोन्ही एकाच जागी उगवतात आणि विकासाच्या काही सूचना त्यांनी वाटून घेतलेल्या असाव्यात, असे यावरून दिसते.

आता एनॅमलकडे वळते. एनॅमल तयार करण्यासाठी एनॅमेलिन, अमेलोब्लास्टिन अशा काही प्रथिनांची जनुके लागतात. दात नसलेल्या प्राण्यात या जनुकांवर निवडीचा दाब राहत नाही, म्हणून त्यांत बिघाड साचत जातो. बॅलीन देवमाशांमध्ये ही जनुके खरोखरच बिघडलेली सापडली. पण इथे एक कोडे उभे राहिले. या जनुकांतले बिघाड वेगवेगळ्या प्रजातींत वेगवेगळ्या ठिकाणी होते. आज जिवंत असलेल्या सर्व बॅलीन देवमाशांत समान असलेला असा एकही बिघाड त्यांत मिळेना. आणि जीवाश्म तर सांगतात, की आजच्या सर्व प्रजातींचा सामाईक पूर्वज बिनदाताचा होता. मग त्या पूर्वजाचे एनॅमल बंद पडले कशामुळे?

उत्तर २०११ साली मेरेडिथ, गेट्सी, चेंग आणि स्प्रिंगर यांच्या संशोधनातून आले. एनॅमल घट्ट होण्यासाठी एमएमपी२० नावाचे एक विकर (एन्झाइम) लागते. या विकराच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला आहे, आणि तो सर्व जिवंत बॅलीन देवमाशांत अगदी त्याच जागी आहे. असा तुकडा वेगवेगळ्या वंशांत योगायोगाने नेमका एकाच जागी घुसणे जवळजवळ अशक्य मानले जाते. म्हणजे तो सामाईक पूर्वजातच घुसला होता. एनॅमल बनवण्याची क्षमता तिथेच संपली. बाकीची जनुके नंतर ज्या त्या वंशात सवडीने मोडत गेली.

मी हा शोधनिबंध प्रथम वाचला तेव्हा दगड आणि डीएनए या दोन अगदी स्वतंत्र साक्षीदारांचे म्हणणे इतके जुळावे, याचा मला अतिशय आनंद झाला होता.

भुईकोट

माझ्या शंकेचे बहुतांश निरसन झाले आहे. आता दुसरा प्रश्न. या सर्व चर्चेत पेरू, अंटार्क्टिका, ओरेगन, ऑस्ट्रेलिया येतात. देवमाशांचा उगम भारतीय उपखंडातला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग बॅलीनच्या कथेत आपला भाग कुठे? आणि आपल्या सोलापूरच्या दगडात काही मिळण्याची शक्यता आहे का?

माळरान

सोलापूरच्या कातळात देवमासा मिळण्याची शक्यता नाही. आपल्या पायाखालचा बेसाल्ट दख्खनच्या लाव्ह्याचा आहे आणि तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात थरावर थर साचून थंड झाला. त्या वेळी देवमासे अजून अस्तित्वात आलेले नव्हते, आणि त्यानंतर हा प्रदेश समुद्राखाली गेला नाही.

उपखंडाचा वाटा मात्र फार मोठा आहे, फक्त तो कथेच्या पहिल्या भागात आहे. पाकिस्तानात सापडलेला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा चार पायांचा पाकिसेटस. त्याचे वर्णन १९८१ साली झाले. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट परिसरातला इंडोह्यस हा हरणासारखा लहानसा समखुरी प्राणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी त्याचे नामकरण १९७१ साली केले होते. त्यांनी गोळा केलेले आणखी दगड त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसेन यांच्या हाती सोपवले. त्यांतली एक कवटी साफ करताना कानाचे हाड तुटले आणि त्याची आतली कड देवमाशांच्या कानासारखी जाड असल्याचे ध्यानात आले. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि देवमाशांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणून इंडोह्यसच्या गटाला मान्यता मिळाली. दगड जपून ठेवणाऱ्या त्या माउलीचे ऋण या शास्त्रावर कायमचे आहे, असे मला वाटते. त्याचप्रमाणे कच्छमधील हरुदी येथील मध्य इओसीन काळाच्या थरांतून अशोक सहानी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी १९७५ साली इंडोसेटसचे आणि पुढे रेमिंग्टोनोसेटस असे नाव मिळालेल्या देवमाशाचे वर्णन केले, आणि २००० साली सुनील बाजपेयी व थेविसेन यांनी कच्छिसेटसची भर घातली.

कच्छमधले हे प्राणी टेथिस या प्राचीन समुद्राच्या उथळ, उबदार पाण्यात वावरत होते. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन संपताना, पृथ्वी झपाट्याने थंड झाली, अंटार्क्टिकावर बर्फ साचू लागले आणि त्या खंडाभोवतीच्या महासागराची घडी बदलली. थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे लहान जीव वाढले, आणि बॅलीन गटाचे सुरुवातीचे जीवाश्म बऱ्याच प्रमाणात याच काळाच्या आगेमागे दक्षिण गोलार्धात मिळतात. त्यामुळे कथेचा दुसरा भाग आपल्यापासून दूर घडला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिला भाग आपला आहे, एवढे पुरेसे आहे.

सीनाकाठ

मग निळा देवमासा एवढा अवाढव्य झाला तो बॅलीनमुळेच ना? २०१५ साली रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या निळ्या देवमाशाची छायाचित्रे मी वृत्तपत्रात पाहिली होती. त्याच्याशेजारी उभी असलेली माणसे किती लहान दिसत होती! आणि तो तर म्हणे पूर्ण वाढलेलाही नव्हता.

थापट्या

बॅलीनशिवाय ते शक्य झाले नसते, पण केवळ बॅलीनमुळे ते झाले असेही नाही. २०१७ साली स्लेटर, गोल्डबोजन आणि पायन्सन यांनी जिवंत आणि नष्ट झालेल्या देवमाशांच्या आकारांचा एकत्रित अभ्यास करून दाखवले, की दहा मीटरहून मोठे बॅलीन देवमासे ठिकठिकाणी दिसू लागले ते गेल्या साधारण ३० ते ४५ लाख वर्षांत. बॅलीन त्याआधी दोन कोटींहून अधिक वर्षे अस्तित्वात होते आणि इतका काळ बहुतेक बॅलीन देवमासे मध्यम आकाराचेच राहिले. हिमयुगे सुरू झाल्यावर खोलातले थंड, पोषक पाणी ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी वर येऊ लागले आणि क्रिलचे दाट थवे तिथे एकवटले. भरपेट खाऊन पुढचे हजारो किलोमीटर उपाशी पोहू शकेल, असे मोठे शरीर त्या काळात फायद्याचे ठरले. यात एक भर घालावी लागेल: ऑस्ट्रेलियातील मरी नदीकाठी १९२१ साली मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि तो सुमारे १.९ कोटी वर्षांपूर्वीच्या, नऊ मीटर लांबीच्या देवमाशाचा असल्याचे दिसले. त्यामुळे आकारवाढीची सुरुवात दक्षिणेत बरीच आधी झाली असावी, असा विचार पुढे आला आहे.

जुळे_सोलापूर

सर, शेवटचा प्रश्न. माइअबालेना ३.३ कोटी वर्षांपूर्वीचा, बिनदाताचा. एटिओसेटस अडीच कोटी वर्षांपूर्वीचा, दात असलेला. मग नंतरच्या प्राण्याला दात आणि आधीच्याला नाहीत, हे कसे? आणि यांपैकी कोणाची बाजू खरी, हे ठरवण्यासाठी नेमके काय सापडायला हवे?

माळरान

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. एटिओसेटस हा आजच्या देवमाशांचा पूर्वज नव्हे, तर बाजूची शाखा. दात राखून असलेल्या अशा शाखा इओसीननंतरच्या ऑलिगोसीन काळाच्या अखेरपर्यंत (सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत) टिकून होत्या, त्याच काळात इओमिस्टिसेटससारखे, पसरट टाळूचे, बिनदाती देवमासेही समुद्रात होते. सगळ्यांनी एकाच रांगेत चालावे अशी अपेक्षा जुन्या आकृत्यांनी आपल्या मनात रुजवली आहे, आणि ती सोडून दिल्याशिवाय या जीवाश्मांचा अर्थ लागत नाही. मुख्य प्रश्न असा, की या शाखा फुटण्यापूर्वीच्या सामाईक पूर्वजात बॅलीनची सुरुवात झालेली होती का. झालेली असेल, तर माइअबालेनाने ते गमावले, किंवा त्याच्या टाळूवरचे मऊ, आखूड बॅलीन हाडावर खूण न ठेवता नाहीसे झाले, असे म्हणावे लागेल. झालेली नसेल, तर एटिओसेटसची छिद्रे साध्या हिरडीची आहेत. तुमच्या जनुकीय पुराव्याने दात जाण्याचा शेवटचा टप्पा पक्का केला आहे, पण बॅलीन त्याआधी आले की नंतर, यावर तो काही सांगत नाही. कारण बॅलीन तयार करणारी केरॅटिनची जनुके इतरत्रही कामाला असतात.

सापडायला काय हवे, हे मी दोन प्रकारे सांगेन. पिस्को खोऱ्यात जसे बॅलीन जतन झाले, तसे जतन झालेली ३.३ ते २.८ कोटी वर्षांच्या दरम्यानची एखादी कवटी मिळाली, आणि तिच्या दातांच्या आतल्या बाजूला केरॅटिनचा पट्टा दिसला, तर डेमेरे यांची बाजू निर्विवाद ठरेल. असे नशीब वारंवार लाभत नाही. दुसरा मार्ग अधिक हाती लागण्याजोगा आहे, आणि तो डॉक्टरांनी सांगितलाच: संग्रहालयांमध्ये आधीच ठेवलेल्या कवट्यांचे स्कॅन करून टाळूतल्या वाहिन्यांचा व्यास आणि त्यांचा उगम मोजणे, आणि त्याच मोजपट्टीने आजचे राखाडी देवमासे, बेलुगा (दात असलेला देवमासा), सील आणि जमिनीवरचे समखुरी प्राणीही मोजणे. बॅलीन नसलेल्या प्राण्यांत त्या वाहिन्या किती जाड असू शकतात याची कमाल मर्यादा एकदा कळली, की एटिओसेटस तिच्या आत बसतो की बाहेर, हे पाहता येईल. कच्छच्या रेमिंग्टोनोसेटसच्या कवट्याही त्या मोजणीत असाव्यात, कारण बॅलीनचा प्रश्नच उद्भवत नाही अशा जुन्या देवमाशाची टाळू कशी असते, ते त्या दाखवतील.